वर्कशॉपमधला रिमोटचा पंखा मधेच बंद पडतो, रिमोटला दाद देत नाही: कुठून बघायला सुरुवात करायची

घरामागच्या शेडमध्ये, पार्किंगमध्ये नाहीतर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत छोटं वर्कशॉप असलेल्या लोकांची एक तक्रार सारखी ऐकायला येते. हॉलमधला रिमोटचा पंखा बसवल्यापासून एकदम व्यवस्थित चालतोय, पण त्याच कंपनीचा, तोच मॉडेल वर्कशॉपमध्ये लावला की रोज काहीतरी नवीन. लेथ चालू केला की पंखा थांबतो, दुपारी रिमोट चालत नाही आणि संध्याकाळी चालतो, एक पंखा वाढवायला जावं तर दोन्ही वाढतात, बटण बंद असताना लाल लाईट लुकलुकते. मग कंपनीचा माणूस येतो, कार्ड बदलतो, थोडे दिवस बरे जातात आणि परत तेच. वॉरंटी असेपर्यंत हे फुकटात होतं, नंतर कार्डचे पैसे आपल्या खिशातून जातात.

मी आमच्या शेडमध्ये आणि ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये हे बरंच बघितलंय आणि माझं मत पक्कं झालंय की बहुतेक वेळा दोष पंख्यात नसतो, तो लाईनमध्ये, उजेडात, धुळीत नाहीतर पत्र्याच्या गरमीत असतो. म्हणून शिडी आणायच्या आधी एक काम करा, चारपाच दिवस नुसतं बघा की हे नेमकं कधी होतंय. मशीन चालू करताना? वेल्डिंग मारताना? दुपारी बारा ते दोन? लाईट जाऊन आल्यावर? की कधीही, कसंही? भिंतीवर खडूने लिहून ठेवलं तरी चालेल. या "कधी"मध्येच निम्मं उत्तर असतं, आणि पुढचं सगळं मी त्याच हिशोबाने लिहितोय.

त्याआधी रेग्युलेटरचं बघून घ्या कारण हा झोल फार ठिकाणी सापडतो. आजकाल दुकानात रिमोटचे म्हणून मिळतात ते बरेचसे पंखे बीएलडीसी असतात, म्हणजे आत मॅग्नेट आणि त्याला चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड. जुना १२०० एमएमचा पंखा फुल स्पीडला ७०-८० वॅट खातो तिथे हा ३० वॅटच्या आसपास खातो, आणि १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला स्टार लेबल सक्तीचं झाल्यावर तर लोक जास्तच घ्यायला लागले. या पंख्याला रेग्युलेटर अजिबात चालत नाही. जुना पंखा काढून तिथेच नवीन लावला, बोर्डवरचा रेग्युलेटर तसाच राहिला आणि "फुलवर ठेवलाय की" म्हणून सोडून दिला, तर चालायचं नाही. फुलवर ठेवला तरी काही रेग्युलेटरचं आतलं सर्किट वायरमध्ये येतंच, आणि मग कार्डला स्वच्छ सप्लाय मिळत नाही. बोर्ड उघडून रेग्युलेटर पूर्ण बाजूला काढा, वायर सरळ खटक्यातून पंख्याला द्या. जुन्याच साध्या पंख्याला वरच्या कपात रिमोटचं किट बसवलं असेल तरी हेच, दोन स्पीड कंट्रोल एकापुढे एक लावायचे नाहीत, घुंऽऽ असा आवाज येतो आणि किट लवकर जातं.

आता मशीन चालू करताना पंखा थांबतो, टूं करून परत चालू होतो किंवा स्पीड आपोआप बदलतो, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार, म्हणून हिच्यावर जरा वेळ घालवू. सिंगल फेजची १ एचपीची मोटर चालताना साधारण ६ अँपिअर घेते पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे ३०-३५ अँपिअर धरा. घरातून शेडपर्यंत २० मीटर वायर गेलीय आणि ती १.५ स्क्वेअर एमएमची आहे असं समजा. जाऊन येऊन ४० मीटर, त्याचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या जवळपास, म्हणजे मोटर उठताना नुसत्या वायरीतच १५-१७ व्होल्ट गळतात. त्यात संध्याकाळी सप्लाय आधीच १९० वर आलेला, वाटेत दोन जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले, बोर्डात स्क्रू ढिला, की तेवढ्या क्षणाला पंख्यापर्यंत पोचणारा व्होल्टेज एवढा खाली जातो की कार्ड रीसेट होतं. शिवाय मोटरचा आतला स्विच सुटताना आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे मशीन चालू-बंद करणारा चुंबकी स्विच, पडताना ठिणगी उडते, तिचे झटके त्याच वायरीतून पंख्यात जातात. हॉलमध्ये यातलं काहीच नसतं म्हणून तिथला पंखा गप चालतो.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब, काचेत तार असलेला, कुठेतरी माळ्यावर पडलेला असेलच, तो होल्डरमध्ये लावून पंख्याच्याच लाईनवर जोडा आणि लेथ चालू करा. तारेचा बल्ब व्होल्टेज पडला की लगेच मंदावतो आणि डोळ्याला स्पष्ट दिसतो, एलईडी बल्ब लावू नका कारण त्यातला ड्रायव्हर हा खड्डा झाकून टाकतो. बल्ब चटकन लाल होऊन परत उजळला तर लाईन कमी पडतेय. आता दुसरी टेस्ट, पंख्याला तात्पुरतं एक्स्टेन्शन लावून घरातल्या वेगळ्या सर्किटवरून सप्लाय द्या आणि मशीन पाच-सहा वेळा चालू-बंद करा. पंखा अडखळला नाही तर कार्ड बदलायचा विषयच संपला, तुमचं कार्ड चांगलं आहे.

उपाय म्हणजे पंखे आणि दिवे यांची लाईन मशीनच्या लाईनपासून मेन डीबीपासूनच, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीपासूनच, वेगळी करायची. पंखे-दिव्यांना १.५ स्क्वेअरची वायर आणि ६ अँपिअरची एमसीबी पुरते, मशीनला ४ स्क्वेअर आणि सी कर्व्हची, म्हणजे मोटर उठतानाच्या झटक्याला लगेच न पडणारी, २० किंवा २५ अँपिअरची, तुमच्या मशीन बघून वायरमन ठरवेल. इथे एक गोष्ट ठासून सांगतो, न्यूट्रलसुद्धा वेगळा ओढायला सांगा. बरेच वायरमन फेज वेगळा देतात आणि न्यूट्रल जुन्यालाच मारतात, मग अर्धा खड्डा तसाच राहतो आणि मालक म्हणतो एवढा खर्च करून काय फरक पडला. डीबीत एक एसपीडी, म्हणजे व्होल्टेजचे झटके अर्थमध्ये सोडणारं उपकरण, बसवून घेतलं तर वरून येणारे झटके बरेचसे तिथेच जिरतात, पण त्याला अर्थिंग नीट पाहिजे, नावाला खिळा ठोकलेलं अर्थिंग असेल तर एसपीडीचा उपयोग नाही. आणि कॉन्टॅक्टर पडतानाच पंखा दचकत असेल तर त्याच्या कॉइलला स्नबर, म्हणजे झटका जिरवणारा छोटा तुकडा, लावायला सांगा, चिल्लर किमतीची वस्तू आहे आणि काम चोख करते.

थ्री फेज ज्यांच्याकडे आहे त्यांनी पुढचं नीट वाचा. इचलकरंजीसारख्या गावात घरातच माग असतो, कोल्हापूर-सांगलीकडे घरामागे लेथ-ड्रिलिंगचं काम असतं, तिथे थ्री फेज कनेक्शन नेहमीचं. त्यात पंखा एका फेजवर आणि न्यूट्रलवर असतो. हा न्यूट्रल मीटरजवळ किंवा डीपीच्या बाजूला ढिला झाला की तिन्ही फेजचं गणित बिघडतं, ज्या फेजवर लोड कमी तिथला व्होल्टेज २३० वरून ३००, साडेतीनशेच्या पुढे जाऊ शकतो, कारण दोन फेजमधला व्होल्टेज ४१५ असतो. ओळखायची खूण म्हणजे काही दिवे अचानक जास्त प्रखर होतात आणि त्याच वेळी दुसऱ्या फेजवरचे मंदावतात. असं दिसलं की पंख्याचा, रिमोटचा विचार सोडा, पहिल्यांदा मेन स्विच पाडा आणि वायरमनला बोलवा, मीटरच्या अलीकडे काही सापडलं नाही तर वीज कंपनीला कळवा. पंख्याचं कार्ड उघडल्यावर आत पैशासारखा गोल चपटा तुकडा असतो, बहुधा निळा नाहीतर पिवळा, त्याला एमओव्ही म्हणतात, जास्त व्होल्टेज आला की तो स्वतः जळतो. तो फुटून काळा झालेला दिसला, आणि तेही दुसऱ्यांदा, तर न्यूट्रल तपासल्याशिवाय तिसरं कार्ड बसवूच नका.

आता रिमोट. दोन जातीचे असतात आणि कुठला आहे ते माहीत असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुढच्या टोकाला छोटा एलईडी असेल आणि पंख्याकडे रोखूनच चालत असेल तर तो टीव्हीसारखा आयआर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर चालणारा, खिशातून किंवा भिंतीपलीकडून पण चालत असेल तर आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींवर चालणारा. आयआरची टेस्ट सोपी, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून रिमोटचं तोंड त्याच्याकडे करा आणि बटण दाबा, स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर रिमोट पाठवतोय, मागच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा दिसत नाही म्हणून सेल्फीचाच वापरा. ठिपका नाही तर सेल बदला, स्प्रिंगवर हिरवट थर आला असेल तर पॉलिश पेपरने हलकेच घासून घ्या. वर्कशॉपमध्ये रिमोट ग्रीसच्या हाताने धरला जातो, त्याच्या तोंडावर तेल आणि वर बुरा बसला की रेंज निम्मी होते. पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबर लावून ठेवा, बटणं तशीच दाबता येतात.

ठिपका दिसतोय पण पंखा ऐकत नाही, तर पंख्याखालच्या कपात रिसीव्हरची काळी खिडकी असते ती पुसा. लाकडाचं काम करणाऱ्यांच्याकडे तिच्यावर एमडीएफच्या भुशाचा असा थर चढतो की ती दिसतही नाही. ओल्या कपड्याने नको, कोरड्या मऊ कपड्याने, आणि अर्थातच एमसीबी पाडून.

दुपारीच रिमोट चालत नाही, ही तक्रार पत्र्याच्या शेडवाल्यांची खास. उजेडासाठी छपरात एक-दोन पारदर्शक फायबरचे पत्रे टाकलेले असतात, ऊन वर आलं की त्यातून पडलेला प्रकाश जमिनीवरून, पांढऱ्या भिंतीवरून उसळून रिसीव्हरवर येतो, आणि उन्हात आयआर भरपूर असल्यामुळे रिसीव्हरला रिमोटचा सिग्नल त्यात सापडत नाही. गोंगाटात हळू बोललेलं ऐकू येत नाही तसं. पंख्याखाली जाऊन दाबलं तर चालतं आणि चार पावलं लांब गेलं की नाही, असं होत असेल तर हेच समजा. त्या फायबरच्या पत्र्याखाली हिरवी शेडनेट लावून बघा, फरक पडतो. जुना सीएफएल अजून लटकत असेल तर तोही बंद करून बघा, त्याच्या चोकची फ्रिक्वेन्सी रिमोटच्या ३८ किलोहर्ट्झच्या आसपास पोचते आणि रिसीव्हर गोंधळतो. आर्क वेल्डिंग चालू असताना रिमोट न चालणं हेही त्यातलंच, आर्कचा उजेड थांबला की चालतो, त्यात बिघाड काही नाही.

आरएफ रिमोटला उन्हाचा त्रास नाही पण त्याचं वेगळं दुखणं असतं. लाईट चार वेळा जाऊन आली की काही पंखे रिमोट विसरतात, मग परत जोडायला लागतो. साधारण पद्धत अशी की भिंतीवरचा खटका बंद करायचा, थोडं थांबून चालू करायचा आणि पहिल्या काही सेकंदात ठराविक बटण दाबून धरायचं, टूं असा आवाज आला की जोडला. कुठलं बटण ते कंपनीगणिक वेगळं, म्हणून पंख्याबरोबर आलेला कागद फेकू नका, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि स्वस्तातले एलईडी बॅटन लावल्यावर रेंज कमी झाली असेल तर सगळे दिवे बंद करून एकेक चालू करत बघा, एखाद्याचा ड्रायव्हर खरखर करणारा निघतो, तेवढाच बदला.

दोन पंखे एकाच रिमोटवर हलतात याचं कारण साधं आहे, बऱ्याच कंपन्यांच्या आयआर रिमोटचा कोड सगळ्या पंख्यांना एकच असतो. घरी एका खोलीत एकच पंखा म्हणून कळत नाही. बारा बाय वीसच्या शेडमध्ये दोन लावले की झालंच. ज्यांना वेगवेगळे चालवायचेत त्यांनी घेतानाच जोडणी करता येणारे आरएफवाले घ्यावेत. आधीच घेतले असतील तर रिसीव्हरच्या खिडकीभोवती काळ्या टेपची बोटभर उंच कड करा, म्हणजे तो फक्त आपल्या खालूनच बघतो, बाजूच्या रिमोटचं कमी घेतो. प्रत्येकाला भिंतीवर वेगळा खटका मात्र पाहिजेच पाहिजे.

आता बटण बंद असताना लाईट लुकलुकणं किंवा पाती किंचित सरकणं. याची दोन कारणं. एक, खटक्यात छोटा इंडिकेटर असतो, त्यातून बंद असतानाही थोडासा करंट जातो, त्याने कार्डातला कंडेन्सर हळूहळू भरतो, कार्ड उठायला बघतं आणि परत झोपतं. तो साधा बिनइंडिकेटरचा खटका केला की थांबतं. दुसरं कारण गंभीर आहे, खटका फेजवर न लावता न्यूट्रलवर लागलाय. म्हणजे खटका बंद केला तरी पंख्यात फेज आहेच. पंखा फिरत नाही म्हणून तुम्ही शिडीवर चढून पाती पुसायला जाल आणि शॉक बसू शकतो. वायरमनकडून पहिल्यांदा हे बघून घ्या, टेस्टर लावून दोन मिनिटांचं काम आहे.

याच्याच जोडीने सांगतो, रिमोटने बंद केलेला पंखा हा बंद पंखा नव्हे. बऱ्याच पंख्यांना आधीचा स्पीड लक्षात ठेवायची सोय असते, लाईट गेली आणि आली की तो आपोआप फिरायला लागतो. पंख्याजवळ काहीही काम असेल, शिडी लावायची असेल, लांब पाईप उभा करायचा असेल, तर एमसीबी खालीच. मुलांना, मदतीला येणाऱ्या पोरांना हे सांगून ठेवा.

उन्हाळ्यात दुपारी पंखा हळू होतो, थांबतो आणि तासाभराने आपोआप चालू होतो, असं असेल तर कार्ड तापतंय. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची हवा जेवढी वर जाल तेवढी गरम, आणि काही पंख्यांचं कार्ड वरच्या कपात, अगदी छताजवळ असतं, किटवाल्यांचं तर तिथेच असतं. गरमीची पट्टी ओलांडून पंखा खाली आणायला लांब दांडी घ्या, दीड-दोन फुटांची मिळते. छतापासून पाती निदान फूटभर खाली पाहिजेत, नाहीतर हवाही ओढत नाही. पण खाली किती आणायचा याचा हिशोब घरासारखा करू नका, वर्कशॉपमध्ये माणूस अँगल, पट्टी, पाईप घेऊन वळतो, त्यामुळे पाती जमिनीपासून आठ फुटांच्या वर राहू द्या. पत्र्याखाली फोम नाहीतर थर्माकोलची शीट लावणारे लोक आहेत पण जिथे वेल्डिंगच्या, ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे मी ती लावायला सांगणार नाही.

कधीही, कसंही बंद पडतो आणि पातीला हात लावला की चालू होतो, अशा पंख्याचा वरचा कप खाली घ्या. पंखा अँगलला टांगलेला असतो, त्याच अँगलवर सगळी शेड उभी असते, लेथ आणि ग्राइंडरची थरथर दिवसभर तिथे जाते आणि कनेक्टरचे स्क्रू ढिले होतात. वायर ओढली की हातात येते, टोक काळं पडलेलं. काळा भाग कापा, नवीन टोक सोला, लग, म्हणजे टोकावरची धातूची टोपी, मारून घट्ट करा. त्याच वेळी हुकाचा नट, दांडीची खिळी आणि तिची कॉटर पिन बघा, पिनचे दोन्ही पाय वाकवलेले पाहिजेत. स्टीलची सेफ्टी वायर दिलेली असेल तर ती अँगलला वेगळी बांधा, पंख्याच्याच हुकाला नको.

पंखा जड फिरतो, सुरुवातीला कुरकुर आवाज येतो, तेव्हा लोखंडाची पूड आठवा. बीएलडीसीच्या आत मॅग्नेट आहेत आणि बेंच ग्राइंडरची बारीक पूड हवेत तरंगत वर जाते, मॅग्नेट तिला ओढून घेतात आणि ती आतल्या फटीत दाढीसारखी उभी राहते. ग्राइंडर पंख्याच्या बरोबर खाली ठेवू नका, दाराजवळ हलवा. साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारून पाती गरगर फिरवू नका, फिरवला की बीएलडीसी स्वतः वीज तयार करतो आणि ती उलटी कार्डात जाते, शिवाय पूड आणखी आत ढकलली जाते. पाती धरून ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या, ब्रशने झाडा.

एवढा त्रास आहे तर रिमोट कशाला, असं काही जण म्हणतात. मला विचाराल तर वर्कशॉपमध्ये रिमोटची गरज घरापेक्षा जास्त आहे. सीओटू वेल्डिंग मारताना पंख्याचा वारा गॅस उडवून लावतो आणि जोडावर भोकं पडतात, त्यामुळे टॉर्च हातात घेतल्यावर पंखा थांबवायचा आणि दोन जोड मारून परत चालू करायचा, हे दिवसातून कितीतरी वेळा लागतं. हातमोजे घालून भिंतीपर्यंत जायचं, की बाजूच्या टेबलावरचं बटण दाबायचं. पेंट किंवा पॉलिश मारताना धूळ उडू नये म्हणून पण तेच. थिनरचा वास बाहेर काढायला मात्र सीलिंग फॅन उपयोगाचा नाही, तो फक्त आतली हवा ढवळतो, त्याला एक्झॉस्टच पाहिजे.

दिव्यांचं एक राहिलं. ट्यूब पंख्याच्या वर असेल तर पात्यांची सावली लेथच्या चकवर सारखी फिरते, डोळे थकतात आणि फिरणारा चक भलत्याच वेगाने फिरतोय किंवा थांबलाय असा भास होऊ शकतो. दिवे पात्यांच्या पातळीच्या खाली, बाजूच्या भिंतीवर घ्या.

कंपनीचा माणूस येणार असेल तर त्याला नुसतं "बंद पडतो" सांगू नका, तो सवयीने कार्डच बदलणार. खडूने लिहिलेलं दाखवा, पिवळ्या बल्बची टेस्ट त्याच्यासमोर करा, मल्टिमीटरने मशीन चालू असतानाचा पंख्याजवळचा व्होल्टेज मोजायला लावा. फेज-न्यूट्रल किती, आणि न्यूट्रल-अर्थ किती, दोन्ही. न्यूट्रल-अर्थमध्ये लोडवर एक-दोन व्होल्ट ठीक, दहाच्या पुढे गेले तर लाईनमध्ये काम आहे. कार्ड बदललंच तर तो जायच्या आत लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग सगळं एकेक करून चालू करून बघा, आणि जुन्या कार्डाचा जळका भाग जवळून फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी दुसरा कुणी आला तर त्याला तोच पहिल्यांदा दाखवायचा.